शेवटचा तास आणि परतीची बस यांच्यामधली जागा

खान्देशातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या वरिष्ठ महाविद्यालयाने गेल्या शैक्षणिक वर्षात आपल्या आवारात ‘विद्यार्थी केंद्र’ सुरू केले. अभ्यासिका, गटाने बसून अभ्यास करण्याच्या खोल्या, शिष्यवृत्तीचा मदत कक्ष, समुपदेशन, संगणक, मुलींचा कक्ष आणि डबा खाण्याची ओसरी या सोयी पूर्वी आवारात चार दिशांना विखुरलेल्या होत्या, काही तर नव्हत्याच. आता त्या ग्रंथालयाच्या तळमजल्यावर आणि त्याला लागून असलेल्या दोन जुन्या प्रयोगशाळांमध्ये एकत्र आल्या आहेत. माझी सगळी नोकरी महाविद्यालयीन ग्रंथालयात गेली असल्यामुळे हे केंद्र पाहण्याची मला ओढ होती. सकाळच्या पहिल्या तासापासून कुलूप लागेपर्यंत, भर परीक्षेत आणि परीक्षा संपल्यावरही, मी तेथे बसून पाहिले आहे. संस्थेचे नाव येथे लिहिलेले नाही, कारण पुढे तिच्या उणिवाही सांगायच्या आहेत, आणि अशी जागा उभारू पाहणाऱ्या इतर महाविद्यालयांना नावापेक्षा नियोजनाचा तपशील अधिक उपयोगी पडेल.

माझे मत आधीच सांगते: हे केंद्र चांगले आहे, आणि ते चांगले असण्याचे कारण त्याची इमारत नसून त्याचे वेळापत्रक आहे. ज्या गोष्टी त्याला अजून जमलेल्या नाहीत, त्यांचेही मूळ बहुतांशी वेळापत्रकातच आहे.

हे नीट समजण्यासाठी येथील विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा लागेल. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत मोडणाऱ्या भागासाठी १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१८ पासून ते कवयित्री बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने ओळखले जाते. त्याच्या संलग्न महाविद्यालयांत शिकणारी मुले फार मोठ्या संख्येने रोज ये-जा करणारी आहेत. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी रात्री दहा वाजता मित्राच्या खोलीत जाऊन एखादे गणित विचारू शकतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून किंवा गिरणेकाठच्या खेड्यावरून एसटीच्या पासवर येणारा विद्यार्थी ते करू शकत नाही. त्याची सकाळची बस पहिल्या तासाच्या बरीच आधी पोहोचते आणि परतीची बस शेवटच्या तासानंतर बऱ्याच वेळाने सुटते. मधला वेळ तो कॅन्टीनच्या पत्र्याखाली, निंबाच्या पारावर किंवा थेट बसस्थानकावर काढतो. घरी पोहोचल्यावर शेतातली किंवा घरातली कामे असतात, आणि कापूस वेचणीच्या किंवा केळीच्या काढणीच्या दिवसांत तर अभ्यासाला जागा राहतच नाही. याचा अर्थ असा की या विद्यार्थ्याचा जो काही स्वतःचा अभ्यास व्हायचा तो शेवटचा तास आणि परतीची बस यांच्यामध्येच होणार, आणि महाविद्यालयाकडे त्या वेळेपुरती नीट जागा नसेल तर तो होणारच नाही.

नवीन शैक्षणिक धोरणानंतर हा प्रश्न अधिक वाढला आहे. संलग्न महाविद्यालयांत २०२४–२५ पासून मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय आणि कौशल्याचे अभ्यासक्रम अशी श्रेयांकांची (क्रेडिटची) विभागणी आली. एकाच वर्गातील मुले निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या खोल्यांत जाऊ लागली, आणि वेळापत्रकात प्रत्येकाला वेगळ्या वेळी मोकळे तास पडू लागले. पूर्वी तास सुटला की सगळा वर्ग एकत्र सुटत असे; आता एका बाकावरच्या दोघी मैत्रिणींपैकी एकीला मधल्या दोन तासांची फट असते आणि दुसरीला नसते. अशा फटी भरायला शिक्षक पुरे पडणार नाहीत. त्यासाठी जागा लागते आणि त्या जागेत मदत करणारी माणसे लागतात.

या महाविद्यालयाच्या नियोजन समितीने जे पहिले काम केले ते मला सर्वांत मोलाचे वाटते. वास्तुविशारदाला बोलावण्याआधी त्यांनी विद्यार्थ्यांच्या बसच्या वेळा गोळा केल्या. प्रत्येक वर्गप्रतिनिधीने आपल्या वर्गातील मुलांची गावे, सकाळची बस, परतीची बस आणि मधले मोकळे तास एका तक्त्यात भरून दिले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी दर तासाला आवारात फिरून कोठे किती मुले बसली आहेत, ती काय करत आहेत आणि कोठे सावली आहे याची नोंद ठेवली. या दोन तक्त्यांवरून समितीला कळले की जुना वाचन कक्ष दुपारी रिकामा पडतो तो मुलांना वाचायचे नसते म्हणून नव्हे. तेथे बोलायला बंदी, डबा खायला बंदी आणि मोबाईल चार्ज करायला सोय नाही म्हणून. मुले ज्या पारावर बसत होती तेथे प्रत्यक्षात अभ्यासच चालू होता, फक्त तो मोठ्याने बोलून आणि एकमेकांच्या वह्या पाहून चालू होता. जागेचे नियोजन करताना माणसे आज कोठे आणि का बसतात हे पाहणे इतके साधे आणि इतके दुर्लक्षित काम आहे की त्याबद्दल या समितीचे मनापासून कौतुक करावेसे वाटते.

या पाहणीचा परिणाम जागेच्या रचनेत स्पष्ट दिसतो. दारातून आत शिरल्यावर पहिली येते ती ओसरी. येथे डबा खाता येतो, बोलता येते, भिंतीकडेने पिण्याचे पाणी आहे आणि लांब ओट्यावर बसायची सोय आहे. ओसरीनंतर मदत कक्ष आणि संगणक, त्यापुढे गट-अभ्यासाच्या खोल्या, आणि सगळ्यांत आत, रस्त्यापासून लांब, उत्तरेच्या खिडक्यांकडे, पूर्ण शांततेची अभ्यासिका. आवाज दाराकडून आत जाताना पायरीपायरीने कमी होत जातो आणि त्यासाठी कोणालाही ‘शू’ म्हणावे लागत नाही. गट-अभ्यासाच्या खोल्यांना भिंतभर काळा फळा आहे. पांढरा फळा आणि त्याचे पेन यांचा खर्च टाळण्यासाठी तो निवडला असे मला सांगण्यात आले, पण परिणाम त्याहून चांगला झाला आहे: खडू कधी संपत नाही, आणि बोर्डावर उभे राहून समजावून सांगण्याची सवय मुलांना आपोआप लागते. खुर्च्यांच्या पायांना रबरी बूच बसवले आहेत. ही गोष्ट अनेकांना क्षुल्लक वाटेल, परंतु शहाबादी फरशीवर लोखंडी खुर्ची ओढल्याचा आवाज ज्यांनी वर्षानुवर्षे वाचन कक्षात ऐकला आहे त्यांना त्याचे महत्त्व पटेल. प्रत्येक टेबलाशी प्लग आहे, आणि तो टेबलाच्या वर आहे. खाली वाकून अंधारात चाचपडावे लागत नाही.

आता उन्हाविषयी, कारण खान्देशात कोणत्याही सार्वजनिक जागेचे परीक्षण उन्हाशिवाय पुरे होऊ शकत नाही. दुसऱ्या सत्राच्या परीक्षा एप्रिल-मे महिन्यांत येतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत जळगाव-भुसावळकडचा पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो. अभ्यासाचा कळस आणि उन्हाचा कळस एकाच वेळी येतो. या केंद्राने वातानुकूलन यंत्रांच्या मोहात न पडता आधी इमारतीचा ताप कमी केला आहे. पश्चिमेच्या भिंतीच्या खिडक्या बुजवून तेथे पुस्तकांचे आणि फायलींचे रॅक लावले, त्यामुळे दुपारनंतरचे ऊन सरळ आत येत नाही. गच्चीवर पांढरा चुना मारला. दक्षिणेला बांबूच्या तट्ट्यांची सावली केली. आपल्याकडची जुनी धाब्याची घरे जाड मातीच्या छतामुळे भर उन्हाळ्यातही गार राहत, आणि छत तापू न देणे हेच पहिले काम आहे हे येथील बांधकाम पाहणाऱ्या अभियंत्याला माहीत असावे. त्यानंतर कूलर आले. कोरड्या हवेत पाण्याच्या बाष्पीभवनाने गारवा देणारे कूलर येथे मार्च ते मे उत्तम चालतात, वीजही थोडी लागते. मात्र त्यांची दोन दुखणी आहेत आणि ती नियोजनात धरलेली नाहीत. पहिले, त्यांचा आवाज. शांत अभ्यासिकेत दोन मोठे कूलर सुरू झाले की शेजारच्याशी कुजबुजलेलेही ऐकू येत नाही, आणि काही मुलांना त्या घरघरीत लक्ष लागत नाही. दुसरे, सप्टेंबर-ऑक्टोबरची दमट उष्णता, जेव्हा हवेतच ओलावा असल्यामुळे कूलर केवळ चिकटपणा वाढवतो. त्या दिवसांसाठी पंख्यांची संख्या वाढवणे आणि वर बाहेर हवा फेकणारे झरोके देणे आवश्यक आहे. पहिल्या सत्राची परीक्षा दिवाळीच्या आसपास असते, म्हणजे ही गैरसोयही नेमकी अभ्यासाच्या दिवसांतच होते.

केंद्राचा प्राण मात्र मदत कक्षात आहे, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. एकाच टेबलाशी प्रवेश, परीक्षा अर्ज, शिष्यवृत्ती, बसचा पास, ग्रंथालय आणि समुपदेशन यांची प्राथमिक चौकशी होते. टेबलामागे कार्यालयातील एक अनुभवी लिपिक आणि ‘कमवा व शिका’ योजनेतील दोन विद्यार्थी आळीपाळीने बसतात. मी बसले होते तेव्हा कला शाखेच्या दुसऱ्या वर्षाची एक मुलगी हातात मोबाईल घेऊन दारातच घुटमळत होती. टेबलामागच्या मुलाने तिला अहिराणीत “काय व्हयनं?” एवढेच विचारले आणि ती येऊन बसली. महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरील तिचा अर्ज ‘सेंट बॅक’, म्हणजे परत पाठवलेला, दाखवत होता. गावातल्या कोणीतरी तिला सांगितले होते की अर्ज नामंजूर झाला, आता काही होणार नाही. लिपिकाने तिच्याच मोबाईलवर तिला तो अर्ज उघडायला लावला, शेऱ्याची ओळ शोधून दाखवली, आणि समजावले की अर्ज नामंजूर झालेला नाही. जोडलेला उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला असल्यामुळे दुरुस्तीसाठी परत आला आहे. नवा दाखला सेतू केंद्रातून घेऊन ठरावीक तारखेच्या आत पुन्हा सादर केला की तो प्रथम महाविद्यालयाच्या लिपिकाच्या लॉगिनला, मग प्राचार्यांच्या आणि त्यानंतर जिल्ह्याच्या कार्यालयाकडे जाईल, हा सगळा मार्ग त्याने एका चिठ्ठीवर बाण काढून लिहून दिला. शेवटी त्याने विचारले की बँक खाते आधारशी संलग्न आहे का, कारण शिष्यवृत्तीची रक्कम आधार-संलग्न खात्यातच जमा होते आणि अर्ज मंजूर होऊनही पैसे अडकण्याचे ते एक नेहमीचे कारण आहे. तिला ते माहीत नव्हते. तेही तेथल्या तेथे तपासून झाले. या सगळ्याला पाव तासाच्या आसपास वेळ लागला असेल.

या एका प्रसंगात नियोजनाचे सार दिसते असे मला वाटते. हीच मुलगी पूर्वी कार्यालयाच्या खिडकीशी उभी राहिली असती तर तिला बहुधा ‘ऑनलाईन बघा’ असे उत्तर मिळाले असते, आणि गावातल्या सायबर कॅफेत पैसे मोजूनही चूक नेमकी कोठे आहे हे कळले नसते. शिष्यवृत्ती हुकली की पुढच्या वर्षी शुल्काची थकबाकी, मग परीक्षा अर्ज अडकणे, मग एखादे वर्ष घरी बसणे, आणि मुलगी असेल तर त्या वर्षात लग्न, ही साखळी मी नोकरीत अनेकदा पाहिली आहे. मुले शिक्षण सोडतात ती बऱ्याचदा अभ्यास कठीण जातो म्हणून नव्हे, तर एखादा कागद वेळेवर न मिळाल्यामुळे. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. शेवटच्या बसला बांधलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हे सूत्र ग्रंथालयाच्या कपाटांपुरते न ठेवता संपूर्ण आवाराला लावले पाहिजे, आणि या मदत कक्षाने ते लावले आहे.

अशा सोयी एका छताखाली आणण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात १९९२ साली संगणक, माहितीचे स्रोत आणि मदतनीस एकत्र असलेली जागा सुरू झाली, आणि पुढे अनेक विद्यापीठांनी त्याच वाटेने ग्रंथालयातच लेखन-साहाय्य, शिकवणी आणि मार्गदर्शन आणले. परंतु तेथील रचना उचलून येथे ठेवली असती तर ती चालली नसती. तेथे रात्रभर उघडी राहणारी जागा उपयोगी पडते, कारण विद्यार्थी आवारातच किंवा जवळ राहतो. येथे रात्री नऊला अभ्यासिका उघडी ठेवून काय साधणार? येथे सकाळी साडेसातला दार उघडणे महत्त्वाचे, कारण पहिली बस तेव्हा येते. हे केंद्र साडेसातलाच उघडते. सकाळी पहिल्या तासाआधीची ती वेळ मला सर्वांत समाधानाची वाटली: ओसरीवर काही मुली घरून आणलेली भाकरी-चटणी खात होत्या, आत काही जण शांतपणे प्रात्यक्षिकाच्या वह्या पूर्ण करत होते, आणि कोणीही कोणाला हटकत नव्हते.

अभ्यासाच्या साहाय्याबाबत केंद्राने घेतलेला एक निर्णय विशेष दखल घेण्याजोगा आहे. आपल्याकडे मागे पडणाऱ्या मुलांसाठी जादा तास घेण्याची पद्धत जुनी आहे, पण त्या तासांना ‘कच्च्या मुलांचे तास’ असे नाव पडते आणि ज्यांना गरज असते तीच मुले लाजेने येत नाहीत. १९७३ साली अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील आवारात एक वेगळी पद्धत सुरू झाली: कच्चा विद्यार्थी शोधण्याऐवजी कठीण विषय शोधायचा, त्या विषयाच्या सर्वच विद्यार्थ्यांसाठी नियमित सत्रे ठेवायची, आणि ती सत्रे ज्याने तो विषय आदल्या वर्षी चांगल्या रीतीने पार केला आहे अशा विद्यार्थ्याने चालवायची. या केंद्राने तेच तत्त्व स्वीकारले आहे. ज्या विषयांत एटीकेटी, म्हणजे विषय राहूनही पुढच्या वर्गात जाण्याची मुभा, सर्वाधिक लागते असे विषय निकालपत्रांवरून निवडले गेले. त्यांत लेखाशास्त्र, सांख्यिकी, सेंद्रिय रसायनशास्त्र आणि सक्तीचे इंग्रजी आहेत. तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी दुसऱ्या वर्षाच्या मुलांबरोबर काळ्या फळ्यासमोर उभा राहून ताळेबंद सोडवतो. मी पाहिलेल्या सत्रात त्याने घसारा अगोदर स्वतः सोडवून दाखवला नाही. त्याने एका मुलीला फळ्यावर बोलावले, ती जेथे अडली तेथे इतरांना विचारले, आणि चूक पुसून न टाकता तिच्या शेजारीच बरोबर आकडा लिहिला, म्हणजे दोन्ही दिसत राहतील. एवढे शिकवण्याचे भान तिसऱ्या वर्षाच्या मुलाला कोठून आले असे मी विचारले, तेव्हा कळले की सत्र घेणाऱ्या विद्यार्थ्यांना विषयशिक्षक दर आठवड्याला एकदा बसवून पुढच्या सत्राची तयारी करून घेतात. मोबदला ‘कमवा व शिका’तून मिळतो. ही सत्रे दुपारी दोन ते साडेतीन या वेळात ठेवली आहेत, म्हणजे चारच्या सुमारास सुटणाऱ्या बहुतेक गाड्या चुकत नाहीत. इंग्रजीच्या सत्राविषयी मात्र माझी तक्रार आहे. ज्यांच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात त्यांना मराठीतून इंग्रजी शिकणे म्हणजे दोन परक्या भाषा ओलांडणे असते, आणि त्या मुलांमधून सत्र घेणारा एकही विद्यार्थी अजून निवडलेला नाही. निवड केवळ गुणांवर केल्यामुळे असे झाले आहे. निवडीत भाषेचा निकषही असायला हवा.

केंद्रात सर्वाधिक ताण दिसतो तो शांत अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुले, ज्यांत पदवी पूर्ण करून दोन-तीन वर्षे झालेलीही आहेत, सकाळी दार उघडताच येतात, खुर्चीवर पुस्तकांचा ढीग ठेवतात आणि दिवसभर जागा धरतात. त्यांच्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे. गावातील खासगी अभ्यासिकांचे मासिक शुल्क शेतमजुराच्या मुलाला जड जाते, आणि महाविद्यालयाने आपल्या माजी विद्यार्थ्यांना जागा देणे हे चांगलेच आहे. परंतु दुपारी तास सुटल्यावर आत आलेल्या नियमित विद्यार्थ्याला बसायला खुर्ची नसेल, तर ज्या वेळेसाठी हे केंद्र उभे केले तीच वेळ त्याच्या हातून जाते. व्यवस्थापनाने नियमावली लावली आहे, पण ती कोणी पाळत नाही, आणि पाळायला लावण्याची जबाबदारी एका शिपायावर टाकली आहे. माझ्या मते उपाय सोपा आहे. जुन्या प्रयोगशाळेच्या वरची खोली स्पर्धा परीक्षांसाठी स्वतंत्रपणे द्यावी, तेथे दिवसभर जागा धरण्याची मुभा असावी, आणि तळमजल्याची अभ्यासिका दुपारी बारा ते पाच केवळ नियमित विद्यार्थ्यांसाठी ठेवावी. माणसांची भांडणे नियमाने मिटवण्यापेक्षा त्यांच्या गरजा वेगवेगळ्या जागी भागवणे केव्हाही बरे.

समुपदेशनाबाबत मला निराश व्हावे लागले. समुपदेशक आठवड्यातून दोनदा येतात, हे एका तालुक्याच्या महाविद्यालयासाठी कमी नाही. पण त्यांची खोली मदत कक्षाच्या समोर आहे आणि तिची दर्शनी भिंत काचेची आहे. मोकळेपणा दिसावा या हेतूने काच लावली असे सांगितले जाते. प्रत्यक्षात आत कोण बसले आहे हे ओसरीवरच्या सर्वांना दिसते. ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखतात, तेथे आत बसून रडलेल्या मुलीची बातमी तिच्या आधी घरी पोहोचू शकते. मी होते तेव्हा त्या खोलीत कोणी आले नाही. काचेवर अर्ध्या उंचीपर्यंत दुधी कागद चिकटवणे हे एका दुपारचे काम आहे, आणि आत जाण्याची वाट गट-अभ्यासाच्या खोल्यांच्या बाजूने काढली तर कोण कोठे गेले हे कळणारही नाही.

मुलींच्या कक्षाविषयी मात्र चांगलेच लिहावे लागेल. आतून कडी लागते, स्वच्छतागृह त्याला जोडूनच आहे, पाणी आहे, सॅनिटरी पॅड मिळतात आणि वापरलेल्या पॅडच्या विल्हेवाटीची सोय आहे. एक साधा पलंग आहे. पाळीच्या दिवसांत पोट दुखते म्हणून तास बुडवून दोन तास बसची वाट पाहणारी मुलगी येथे पडून राहू शकते आणि पुढच्या तासाला बसू शकते. उपस्थितीच्या आकड्यांवर याचा परिणाम किती होतो हे महाविद्यालयाने जरूर तपासावे.

अपंग विद्यार्थ्यांच्या सोयीकडे लक्ष दिल्याचे दिसते, परंतु काम अर्धवट राहिले आहे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानंतर प्रत्येक शिक्षणसंस्थेत उतार असणे अपेक्षित आहे, आणि येथे तो आहेही. पण एक फूट उंचीला बारा फूट लांबी हे जे सर्वमान्य प्रमाण आहे त्यापेक्षा तो बराच तीव्र आहे, आणि त्याच्या पायथ्याशी दुचाकी उभ्या राहतात. चाकाच्या खुर्चीवरच्या विद्यार्थ्याला दोघांनी ढकलत वर न्यावे लागते. ज्या समितीने बसच्या वेळांचा इतका विचार केला तिच्याकडून येथे अधिक अपेक्षा होती.

सर्वांत मोठी उणीव मी शेवटासाठी ठेवली आहे. केंद्र संध्याकाळी पाचला बंद होते. साडेपाच आणि सहा या वेळांत सुटणाऱ्या गाड्यांनी जाणारी मुले समितीच्या तक्त्यात नोंदलेली होती. तो तक्ता मी स्वतः पाहिला आहे. तरीही पाचला कुलूप लागते, कारण लिपिकाची आणि शिपायाची कामाची वेळ तेव्हा संपते. लांबच्या खेड्यांतील, म्हणजे सर्वाधिक गरज असलेल्या मुलांना तो शेवटचा तास बसस्थानकावर उभे राहून काढावा लागतो, आणि हिवाळ्यात अंधार लवकर पडू लागला की मुलींचे पालक पुढचे तास सोडून लवकरच्या बसने ये असे सांगतात. त्याहून वाईट म्हणजे विद्यापीठाच्या परीक्षा सुरू झाल्या की बैठक व्यवस्थेसाठी गट-अभ्यासाच्या खोल्या आणि अर्धी अभ्यासिका ताब्यात घेतली जाते. ज्या पंधरवड्यात विद्यार्थ्यांना ही जागा सर्वांत जास्त हवी असते त्याच पंधरवड्यात ती अर्धी होते. बाके मांडायला जागा कमी पडते हे खरे आहे, पण सभागृह आणि जिमखान्याची इमारत त्या काळात रिकामी असते.

पाच गुणांपैकी मी या केंद्राला चार देईन, आणि उरलेला गुण दोन अटींवर राखून ठेवेन. पहिली अशी की कामाच्या वेळा दोन पाळ्यांत विभागून दार सहा वाजेपर्यंत उघडे राहावे. मदत कक्षात बसणाऱ्या ‘कमवा व शिका’च्या विद्यार्थ्यांपैकी दोघे गावातच राहणारे निवडले आणि एका शिक्षकाला आळीपाळीने देखरेखीस ठेवले तर यासाठी नवे पद मंजूर होण्याची वाट पाहावी लागणार नाही. दुसरी अशी की वर्षअखेरीस केंद्राचा अहवाल लिहिताना दारातील नोंदवहीत किती सह्या झाल्या एवढेच मोजू नये. परत आलेल्या शिष्यवृत्ती अर्जांपैकी किती मुदतीत दुरुस्त होऊन गेले, सत्रे घेतलेल्या विषयांत एटीकेटी किती कमी झाली, आणि दुसऱ्या वर्षाच्या पहिल्या दिवशी आदल्या वर्षीचे किती विद्यार्थी परत आले, हे गावनिहाय आणि बसच्या वेळेनिहाय मांडावे. तक्ता समितीकडे आधीच तयार आहे; त्यात तीन रकाने वाढवायचे आहेत.